निळ्या बादलीतला चोथा

थांबा, माझ्यावर बसू नका. बसायचंच असेल तर आधी ऐकून घ्या.

मी बर्फपेटी आहे. निदान कारखान्यानं तरी मला बर्फपेटी म्हणूनच जन्माला घातलं होतं. हिरवं अंग, पांढरं झाकण, दोन बाजूंना दोन कड्या. थंड वस्तू थंड ठेवायची, एवढंच माझं काम. त्याच पोटात पुढं अकरा वर्षं कढत लापशी मुरली, आणि तिच्यापायी एक जीव जाता जाता राहिला. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही. तो रविवार आठवला की आजही माझी तोटी आपोआप गळायला लागते. नेव्ह म्हणतो वॉशर झिजलंय. म्हणू दे.

नेव्हिल आणि जॅनीस या जोडप्यानं मला थंडगार होबार्ट शहरातल्या एका दुकानातून आणलं. नेव्हिलला सगळे नेव्ह म्हणतात, मीही तेच म्हणते. पहिले तीन उन्हाळे काय सुखाचे गेले! होडीत बसायचं, पोटात बर्फ, बर्फावर बिअरचे डबे आणि जॅनीसची सँडविचं. परतताना डब्यांच्या जागी चपट्या डोक्याचे मासे. माशांचा वास मला कधी आवडला नाही, पण गारवा होता, म्हणून मी चालवून घेतलं. मग एक दिवस जॅनीस म्हणाली, “मला ऊन पाहिजे, नेव्ह. इथं माझी हाडं गारठतात.” ती क्वीन्सलँडला गेली ती गेलीच. तंबू नेला, खुर्च्या नेल्या, मला मात्र शेडमध्ये टाकून गेली. जिच्या सँडविचांची इतकी राखण केली, तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. माणसं अशी असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दोन वर्षं मी कोळ्यांच्या संगतीत काढली. एका सकाळी नेव्ह हातात ड्रिल घेऊन आला. मला वाटलं, एखादी फळी ठोकायची असेल. त्यानं ते माझ्याच पोटाला लावलं! बर्फाचं पाणी जायला मला एक इवलंसं भोक होतं. ते त्यानं घरघर करत मोठं केलं, त्यात पितळी तोटी बसवली, आतून जाळीची नळी जोडली आणि दोन पावलं मागं सरून कौतुकानं बघत बसला. मी सुन्न. त्यातून भानावर येते न येते तोच त्यानं माझ्यात वाफाळतं पाणी ओतलं. ज्या पोटानं कधी बर्फाशिवाय काही पाहिलं नव्हतं, त्यात वाफाळतं पाणी! माझं अंग करकरलं. नेव्ह झाकणावर थाप मारून म्हणाला, “धरते हां ऊब, छान धरते.” विचारायची पद्धतच नाही या माणसाला.

पण खोटं कशाला बोलू, पुढं मला त्या कामाची गोडी लागली. घरी बिअर करणं हा आमच्या खोऱ्यात जवळपास प्रत्येक शेडमधला उद्योग आहे. मोड आणून वाळवलेलं धान्य भरडून माझ्यात घालायचं, वर तापलेलं पाणी, आणि झाकण लावून तासभर ठेवायचं. हीच ती लापशी; तिच्यात धान्याची गोडी पाण्यात उतरते. तोटी सोडली की मधाच्या रंगाचा काढा येतो. तो मोठ्या पातेल्यात उकळायचा, उकळताना हॉपची फुलं टाकायची, म्हणजे कडसर चव आणि सुगंध येतो. मग गार करून यीस्ट. ते पुढचं पिंपाचं काम. माझं काम एवढंच, की चोथा पोटात धरून ठेवायचा आणि काढा सोडून द्यायचा.

नेव्ह कागद गिरणीतून निवृत्त झाला आणि या नादात बुडाला. त्यातही त्याचा जीव राय घातलेल्या, हॉप्सनी भरगच्च बिअरवर. हॉपचे चार वेल त्यानं शेडच्या मागं तारेवर चढवलेत. राय हे गव्हाच्याच कुळातलं धान्य, पण महाचिकट. भिजलं की खळ होते, माझी जाळी बुजते आणि काढा आतल्या आत अडून बसतो. त्यावर साधा उपाय आहे. भाताची तुसं आणून लापशीत मिसळायची, म्हणजे धान्य मोकळं राहतं आणि काढा वाहतो. नेव्हनं तर माझ्या झाकणावर काळ्या रंगानं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: तुसं घालायला विसरू नकोस.

हे लिहिलं स्वतःसाठी, पण वापरलं दुसऱ्यांना हिणवायला. कुंपणापलीकडे ब्रॉनविन राहते. जन्मभर शाळेची बस चालवलेली, मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची बाई. ब्रॉन. तिचा धाकटा भाऊ ग्लिन हाही घरी बिअर करतो. मागच्या वर्षी ग्लिन तुसं विसरला आणि त्याची रायची लापशी अशी घट्ट बसली की शेवटी फावड्यानं काढावी लागली. झालं! नेव्हनं त्याचं नावच ‘सिमेंट’ पाडलं. बिअरवाल्यांच्या बैठकीत, बाजारात, ब्रॉनच्या व्हरांड्यात, जिथं भेटेल तिथं. “काय सिमेंट, या वेळी घर बांधतोयस की बिअर करतोयस?” ग्लिन नुसता हसायचा. मला ते बघवत नसे. पण मी पेटी. मला तोटी आहे, तोंड नाही.

आता मेबलबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मेबल ही ब्रॉनची कुत्री. शर्यतीत धावणाऱ्या जातीची, लांब पायांची, करड्या रंगाची. शर्यती संपल्यावर कुणाला नकोशी झाली, तेव्हा ब्रॉननं तिला घरी आणलं. पहिले सहा महिने मेबलला जिना चढता येत नव्हता, कारण जिना तिनं जन्मात पाहिला नव्हता. ब्रॉननं एकेक पायरी हातानं तिचा पाय ठेवून शिकवली. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण त्या कुत्रीशी बोलताना आवाज लोण्यासारखा व्हायचा.

माझ्यातला चोथा ब्रॉनकडे जायचा. ती त्यात अंडं आणि शेंगदाण्याचं लोणी मिसळून भट्टीत कडक बिस्किटं करायची. मेबलची ती जीव की प्राण. पण यात एक मोठी खबरदारी होती. हॉप्स कुत्र्यांना विष. पोटात गेले की अंगात ताप भडकतो आणि काही तासांत जनावर हातचं जाऊ शकतं. मेबलच्या जातीला तर सगळ्यात धोका. हे ब्रॉनला कुणी शिकवलं? नेव्हनंच. म्हणून त्यानं दोन बादल्या केल्या. निळ्या बादलीत माझा चोथा, त्यात हॉप्स कधीच नाहीत. लाल बादलीत पातेल्यातला हॉप्सचा गाळ, घट्ट झाकणाची, थेट कचऱ्यात. “निळी तुझी, लाल यमाची,” असं तो ब्रॉनला म्हणायचा. मेबल आल्यापासून चार वर्षांत यात एकदाही चूक झाली नव्हती. ब्रॉन कुंपणाचं फाटक उघडून यायची, “नेव्ह, नेते रे!” म्हणून ओरडायची आणि निळी बादली उचलून घेऊन जायची.

एप्रिलमधल्या, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात थंडीच्या तोंडावरच्या, त्या शनिवारी नेव्हनं राय भरडली, पाणी तापवलं, सगळं माझ्यात ओतलं, ढवळलं. मग तुसांच्या पोत्याकडे हात नेला तर पोतं रिकामं! आठवड्यापूर्वी एका नवशिक्याला त्यानंच मोठ्या ऐटीत देऊन टाकली होती. त्यानं माझ्या झाकणावरची स्वतःचीच अक्षरं वाचली आणि म्हणाला, “एवढी काही चिकट नाही ही. होईल.”

झालं नाही. तासानं तोटी सोडली तर पेलाभर काढा आला, मग थेंब, मग तेही बंद. नेव्हनं ढवळलं. वरून गरम पाणी घातलं. शेवटी तोटीच्या नळीला तोंड लावून उलट फुंकर मारली. माझ्या पोटात गुडगुडलं आणि पुन्हा सगळं चिप्प. नेव्ह लालबुंद झाला. “ग्लिनला कळलं ना, तर मेलो,” तो म्हणाला. मला म्हणाला, शेडमध्ये दुसरं होतं कोण?

मग त्याची नजर वर गेली. खुंटीला उशीचा अभ्रा टांगलेला होता. गेल्या वर्षीची वाळवलेली हॉपची फुलं त्यात होती. हलकी, कागदासारखी, फुगीर. तुसांची जागा घ्यायला अगदी योग्य. त्यानं अभ्रा काढला आणि ओंजळी भरभरून फुलं माझ्यात ओतली, दांड्यानं खोलवर ढवळली. पाच मिनिटांत काढा धो धो वाहायला लागला. नेव्ह हसला. “कुणाला कळणार आहे?” तो म्हणाला.

मला कळलं होतं. माझ्या पोटातल्या चोथ्यात पहिल्यांदाच हॉप्स मिसळले होते, आणि मी हादरले होते. पण नेव्हही काही दुष्ट नाही. त्यालाही ते ठाऊक होतं. चोथा काढताना हातात आली निळीच बादली, कारण लाल बादलीत तो मावला नसता. तो स्वतःशी पुटपुटला, “हा आज पुरून टाकायचा.” कुदळ आणायला वळला आणि तेवढ्यात पातेलं उतू गेलं. शेगडीवर फेस फसफसत पसरला, नेव्ह धावला. शेगडीचा तो आवाज, फेस, धावाधाव. आणि फाटक वाजलं.

“नेव्ह, नेते रे!”

“हो, हो!” नेव्ह ओरडला. काय ऐकलं, कशाला हो म्हणतोय, त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

निळी बादली माझ्या डोळ्यांदेखत गेली. डोळे नाहीत मला, पण तुम्ही समजून घ्या.

अर्ध्या तासानं नेव्ह कुदळ घेऊन आला. रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला. चेहरा असा उतरला की मला वाटलं, आता हा पळत जाईल. तो गेलाही कुंपणापर्यंत. ब्रॉनची गाडी नव्हती, ती गायनाच्या तालमीला गेली होती. नेव्हनं थोडा वेळ वाट पाहिली. “सोमवारीच भाजते ती,” तो म्हणाला. “उद्या सकाळी सांगू.” मला धुतलं आणि कुंपणालगतच्या ओंडक्यावर झाकण उघडं ठेवून वाळत घातलं. तिथून ब्रॉनचा व्हरांडा अगदी समोर.

ब्रॉन दरवेळी सोमवारी भाजते हे खरं. पण या रविवारी मेबलला घरी आणून चार वर्षं होत होती. तिनं शनिवारी संध्याकाळीच भट्टी पेटवली. वास माझ्यापर्यंत आला. त्यात एक कडवट, गवताळ छटा होती, आणि ती ओळखणारी त्या परसात मी एकटीच होते.

रविवारी सकाळी नेव्ह दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून फाटकातून गेला. सांगायलाच गेला होता, हे मी शपथेवर सांगेन. पण व्हरांड्यात ग्लिन पाय पसरून बसला होता.

“ये रे, चहा घे,” ब्रॉन म्हणाली. “आज आमच्या बाईसाहेबांचा दिवस आहे. कालच बिस्किटं भाजून टाकली. चांगली चार ताटं भरली बघ.”

नेव्ह उभाच राहिला. “कालच?”

“मग! आणि या वेळी चोथा किती मोकळा होता रे! हाताला चिकटलासुद्धा नाही. काय केलंस काय?”

आता सांगेल, मला वाटलं. एवढा चांगला धागा तिनं हातात दिला होता. नेव्हनं तोंड उघडलं.

“राय केलीस ना काल?” ग्लिननं मध्येच विचारलं. “अडली नाही ना कुठं?”

नेव्हनं तोंड मिटलं. मग म्हणाला, “माझी? माझी कधी अडलीय?”

मी हे ऐकलं आणि माझा विश्वास बसेना. अहो, मृत्यू भाजून ताटात मांडून ठेवलाय आणि हा माणूस आपली ऐट सांभाळतोय! नेव्ह बसला. चहा घेतला, वर साखर मागून घेतली. एकदा म्हणाला, “ब्रॉन, जरा आत येतेस? बोलायचं होतं.” ती म्हणाली, “इथंच बोल की, ग्लिन काय परका आहे?” तो म्हणाला, “नाही, नंतर बोलू.” तो ग्लिन जाण्याची वाट बघत होता. ग्लिन मात्र निवांत. त्यानं दुसरा कप मागितला.

“दिलीस का एखादं तिला?” नेव्हनं हळूच विचारलं.

“सकाळी एक. बाकीची जेवणानंतर. फार खाल्लं तर सुटेल बाई,” ब्रॉन हसली आणि दूध आणायला आत गेली.

आतून तिची हाक आली, “मेबल! अगं कारटे!” आणि मग हसू. “या बघायला! अख्खं ताट चाटूनपुसून साफ! ओट्यावर पुढचे पाय टेकवून खाल्लंय हिनं. कधी खाल्लं देव जाणे, मघाशी मी आंघोळीला गेले होते तेव्हा असेल.”

ग्लिन खदखदून हसला. नेव्ह उठून उभा राहिला. “तिला ओकवायला हवं,” तो म्हणाला.

“अरे धान्य तर आहे. फार तर पोट दुखेल.”

तेवढ्यात मेबल दारात आली. बाहेर इतकी थंडी की ग्लिनच्या तोंडून वाफ येत होती, आणि मेबलची जीभ लोंबत होती. उन्हात दहा मैल धावल्यासारखी धापत होती. पायऱ्यांपाशी आली, एक पाय खाली ठेवला, तो ताठच राहिला. ज्या पायऱ्या ब्रॉननं तिला एकेक करून शिकवल्या होत्या, त्यांच्यापुढं ती थरथरत उभी राहिली आणि कोसळली.

ब्रॉननं तिच्या पोटावर हात ठेवला. “भाजतेय रे ही! ग्लिन, फोन दे.”

नदीपलीकडच्या दवाखान्यातली डॉक्टरीण फोनवर होती. ब्रॉननं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. काय खाल्लं, विचारलं. बिस्किटं, बिअरच्या चोथ्याची. डॉक्टरणीचा आवाज एकदम बदलला. “त्यात हॉप्स होते का?”

“नाही, नाही. शक्यच नाही. आमच्याकडे बादल्या वेगळ्या असतात.”

“नक्की? फार महत्त्वाचं आहे हे. हॉप्स असतील तर उपचार वेगळा आणि वेळ अजिबात नाही.”

“चार वर्षं झाली, अगं, नेव्ह इतका जपून करतो. थांब, इथंच आहे तो.” ब्रॉननं मान वर केली. “नेव्ह, सांग तिला. निळ्या बादलीत हॉप्स नसतातच ना?”

मला तोटी आहे, तोंड नाही, हे मघाशी बोलून गेले. त्या क्षणी मला त्याचं जेवढं वाईट वाटलं तेवढं जन्मात वाटलं नव्हतं. नेव्ह ग्लिनकडे बघत होता. मेबल धापत होती. मी तिचे श्वास मोजले. एकवीस झाले.

“होते,” नेव्ह म्हणाला.

“काय?”

“होते, ब्रॉन. काल माझी लापशी अडली. तुसं नव्हती. मी फुलं घातली. सगळ्या चोथ्यात आहेत.”

ब्रॉन ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिनं फक्त त्याच्या रिकाम्या कपाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि फोनमध्ये म्हणाली, “हॉप्स आहेत. निघालो.”

“अंग थंड करत आणा,” डॉक्टरीण सांगत होती. “ओले टॉवेल, खिडक्या उघड्या. बर्फ अंगावर थेट ठेवू नका, गार पाणी वापरा. थांबू नका.”

ग्लिन गाडीकडे पळाला. आणि नेव्ह माझ्याकडे! काढा गार करायला तो फ्रीझरमध्ये बर्फाच्या पिशव्या ठेवतो. त्या त्यानं दातांनी फाडल्या, माझ्यात ओतल्या, वर नळाचं पाणी सोडलं आणि मला एकट्यानं उचलून आणलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, कंबर दुखते म्हणून एरवी मला ढकलत नेणारा.

मागच्या सीटवर मेबल. तिच्या डोक्याशी ब्रॉन, पायांशी नेव्ह, त्याच्या पावलांमध्ये मी. तेरा वर्षांनी माझ्या पोटात बर्फ होता. मला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याची लगेच लाज वाटली. ग्लिन नदीकाठच्या रस्त्यानं गाडी हाणत होता, वारा आत घोंघावत होता.

“टॉवेल,” ब्रॉन म्हणायची. नेव्ह माझ्यात टॉवेल बुडवून, पिळून द्यायचा. ती तो मेबलच्या पोटावर, मांड्यांमध्ये टाकायची. मिनिटभरात तो गरम व्हायचा.

“टॉवेल.”

“ब्रॉन, मी सांगायलाच आलो होतो गं—”

“टॉवेल.”

वीस मिनिटांत ती त्याच्याशी दुसरा शब्द बोलली नाही. नेव्हचे हात बर्फाच्या पाण्यानं निळे पडले होते. मी जेवढा गारवा धरून ठेवता येईल तेवढा धरून ठेवला. धरून ठेवणं हे एकच काम मला येतं.

दवाखान्यात मेबलचा ताप बेचाळीस अंश सेल्सिअसच्या काट्यावर होता. डॉक्टरीण म्हणाली, आणखी अर्धा तास गेला असता तर मी काही करू शकले नसते. हे मी गाडीतूनच ऐकलं, ग्लिन दार उघडं ठेवून आत धावला होता म्हणून. दोन दिवस मेबल तिथं राहिली. जगली. तिसऱ्या दिवशी घरी आली, पुढच्या पायावरची लव भादरलेली, नजर हरवलेली. पायऱ्यांपाशी येऊन थांबली. ब्रॉननं खाली बसून पुन्हा एकेक पाय हातानं उचलून ठेवला. नेव्ह हे कुंपणाआडून बघत होता. बघता बघता रडला. माझ्या कडीला धरून रडला, म्हणून मला माहीत.

निळी बादली कुंपणावरून परत आली. स्वच्छ घासलेली, पालथी. ब्रॉन फाटकातून येईना. एक आठवडा, दोन, सहा.

नेव्हनं बिअर करणं सोडलं. ती रायची बिअर मात्र बाटल्यांत भरून झाली होती. तो ती ओतूनही टाकेना आणि पिईनाही. एका दुपारी ग्लिन आला. नेव्ह मान खाली घालून म्हणाला, “बोल बाबा, बोलून घे. सिमेंट म्हण, काँक्रीट म्हण. मी पात्र आहे.”

ग्लिन गोंधळला. “कशाबद्दल?”

“मी तुझ्यामुळं बोललो नाही त्या सकाळी. तू हसशील म्हणून.”

ग्लिन त्याच्याशेजारी टेकला. मग म्हणाला, “वेड्या, मला त्या नावाचा कधी राग आला नाही रे. माझी बायको मला घरी सिमेंटच म्हणते. मला ते आवडतं.” आणि थोडं थांबून, “एवढ्यासाठी गप्प बसलास तू?”

तो हसला नाही. नेव्हला ज्या हसण्याची भीती होती ते कधीच आलं नाही, आणि त्यानं त्याला जास्त झोडपलं. मला आठवतं, ग्लिन गेल्यावर नेव्ह माझ्या झाकणावर बसून राहिला तो अंधार पडेपर्यंत हलला नाही. मला त्याचा संताप होता. अजून आहे. तरी त्या दिवशी मी त्याचं वजन कुरकुर न करता सोसलं.

जूनमध्ये फाटक वाजलं. ब्रॉन. मेबल तिच्यामागं, दोरी ढिली. ब्रॉननं मला उलटवून धूळ झाडली, माझ्यावर बसली आणि म्हणाली, “उघड एक बाटली. त्या दिवसाची.”

“नको, ब्रॉन.”

“उघड म्हणते ना.”

त्यानं दोन पेले भरले. तांबूस बिअर, वर दाट फेस. ब्रॉननं घोट घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं थुंकेल.

“मेल्या,” ती म्हणाली, “तू आजवर केलेल्यांत ही सगळ्यात चांगली झालीय.”

नेव्हनंही चाखली. त्याला असा धक्का बसलेला मी पाहिला नव्हता, त्या रविवारीसुद्धा. “वाईट झाली असती तर बरं झालं असतं,” तो म्हणाला. “खरंच बरं झालं असतं.”

“हो,” ब्रॉन म्हणाली आणि पेला संपवला. “तू फुलं घातलीस, त्याचं मला काही नाही, नेव्ह. अडलं, घातलीस. माझ्याबरोबर चहा प्यालास त्याचं आहे. ताट आत होतं आणि तू साखर मागितलीस.”

ती उठली. शेडमधल्या फळीवरून लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेतला, पुन्हा बसून माझं झाकण मांडीवर ओढलं आणि त्याच्या काळ्या अक्षरांखाली स्वतःच्या हातानं एक शब्द लिहिला. मग ब्रश त्याच्या हातात दिला आणि गेली.

तर आता तुम्ही मघापासून ज्यावर बसायला निघाला होतात, ते झाकण नीट वाचा. वर काळ्यात: तुसं घालायला विसरू नकोस. खाली लालमध्ये: सांगायलाही.

नेव्हनं पुन्हा बिअर सुरू केलीय. दर खेपेला चोथा काढला की कुंपणापाशी उभा राहतो आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा ओरडतो, “ब्रॉन! राय आहे, जव आहे, तुसं आहेत! हॉप्स नाहीत! मी स्वतः घातलं, स्वतः पाहिलं!” आतून आवाज येतो, “ऐकलं!” आणि मग ती येते. तरी बादलीत हात घालून मूठभर चोथा पिंजून बघते. आधी कधी बघत नव्हती. नेव्ह दुसरीकडे तोंड करून उभा राहतो.

मेबल येते तिच्याबरोबर. पूर्वी माझ्या तोटीला नाक लावून हुंगायची, शेपूट हलवायची. आता फाटकापाशी थांबते आणि मला चांगला लांब वळसा घालून जाते. तिला काय कळलंय, किती कळलंय, मला माहीत नाही. मी तिला कधी सांगू शकणार नाही, की ते माझ्या पोटातून गेलं पण बर्फही माझ्याच पोटातून आला होता.

तुम्हाला तोंड आहे. कुणाच्या व्हरांड्यात चहा घेत असाल आणि काही सांगायचं राहिलं असेल, तर कप खाली ठेवा. समोर कोण बसलंय ते बघू नका.

आता बसा हवं तर. फक्त लाल अक्षरांवर बसू नका, रंग अजून जरा ओला आहे. नेव्ह दर महिन्याला तो पुन्हा गिरवतो.